पिकअपचा चेक इंजिन दिवा, पी०४५५ आणि पी०४४६: घरी दुरुस्त होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनच्या बाहेर राहता, २०१२ चा पेट्रोल पिकअप आहे, चेक इंजिनचा दिवा लागलाय. स्कॅनरवर पी०४५५ आणि पी०४४६ हे दोन कोड दिसतात. गॅरेजवाल्याने कॅनिस्टर, दोन्ही व्हॉल्व्ह आणि मजुरी धरून साडेअकराशे डॉलर सांगितले. पुढच्या महिन्यात एमिशन टेस्ट आहे, आणि हे काम घरी जमेल का असं तुम्ही विचारताय. शेवटी जाता जाता लिहिलंय की पंपावर पेट्रोल भरताना नोझल सारखं टक्‌ करून बंद पडतं.

जमेल. आणि ते नोझलचं वाक्य तुम्ही शेवटी लिहिलंत, पण निदानाला सगळ्यात जास्त मदत त्याचीच आहे.

टाकीत पेट्रोलची वाफ सतत तयार होत असते. ती हवेत सोडली की उन्हात नायट्रोजन ऑक्साइड्सबरोबर मिसळून तिचा ओझोन होतो. उन्हाळ्यात ह्यूस्टनवर जो धुरकट पडदा दिसतो त्यात या वाफेचाही हात असतो. म्हणून ती वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमध्ये, धरून ठेवतात. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळतं. डब्याच्या दुसऱ्या टोकाला व्हेंट व्हॉल्व्ह असतो. बाहेरची हवा तिथून आत येते आणि पेट्रोल भरताना टाकीतली हवा तिथूनच बाहेर पडते. पर्ज व्हॉल्व्हला वीज नसेल तर तो बंद असतो, व्हेंटला वीज नसेल तर तो उघडा असतो. एवढं एक लक्षात ठेवा, अर्धं काम त्यावर होतं.

आता कॉम्प्युटर स्वतःची परीक्षा कशी घेतो ते बघा. बहुतेक पिकअपमध्ये तो व्हेंट बंद करतो, पर्ज उघडतो आणि इंजिनच्या ओढीने टाकीत थोडी पोकळी तयार करतो. टाकीवरच्या प्रेशर सेन्सरला ती दिसलीच नाही तर ‘मोठी गळती’, म्हणजे तुमचा पी०४५५. पोकळी तयार झाली पण हळूहळू गेली, तर ‘लहान गळती’, पी०४४२. अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाएवढी गळती असेल तर पी०४५६. व्हेंट उघडल्यावरही हवा नीट आत येत नसेल तर पी०४४६. म्हणजे कोड तुम्हाला परीक्षेचा कुठला भाग नापास झाला तेवढं सांगतो. कुठला भाग बदलायचा हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. कोड बघून पार्ट मागवायचा ही सवय या कामात फार महाग पडते. मी स्वतः तसे पैसे घालवलेत: पेट्रोलच्या टाकीची दोन झाकणं, एक पर्ज व्हॉल्व्ह, आणि दिवा होता तिथेच.

तुमच्या बाबतीत मोठी गळती, व्हेंटची तक्रार आणि नोझलचं टक्‌ टक्‌, या तिन्ही गोष्टी एकाच जागी बोट दाखवतात: व्हेंट व्हॉल्व्ह. बऱ्याच पिकअपमध्ये तो मागे, टाकीच्या नाहीतर मागच्या अ‍ॅक्सलच्या आसपास, चासीला लटकलेला असतो. कच्च्या रस्त्यावर चाकांनी उडवलेली सगळी धूळ तिथे जाते. धूळ त्याच्या जाळीत अडकली की हवा जात नाही, म्हणून नोझल बंद पडतं. तीच धूळ आतल्या गादीवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून मिटतो तिथे, बसली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, म्हणून गळती दिसते. एकच भाग चोंदलेलाही असतो आणि गळकाही.

सुरुवात मात्र टाकीच्या झाकणापासून करा, कारण त्याला दोन मिनिटं लागतात. रबराची चकती बोटाने वाकवून बघा, बारीक चिरा असतील तर झाकण बदला, आणि घ्याल ते तुमच्याच गाडीसाठी बनवलेलं घ्या. फिलर नेकच्या, म्हणजे पेट्रोल भरायच्या नळीच्या, ओठावरून बोट फिरवा. मिशिगन-ओहायोकडून आलेली गाडी असेल तर मिठाच्या रस्त्यांमुळे तिथे गंज असू शकतो, आणि गंजलेल्या ओठावर नवीन झाकणही बसत नाही. झाकण उघडं असतानाच स्कॅनरवर टाकीचं प्रेशर वाचा. ते शून्याच्या आसपास हवं. उघड्या टाकीलाही तो भलतंच प्रेशर दाखवत असेल तर सेन्सरच खोटं बोलतोय.

मग पर्ज व्हॉल्व्ह. तो इंजिनवर, हाताला येईल असा असतो. त्याचा विजेचा कनेक्टर काढा, टाकीकडून येणारी नळी काढा, इंजिन चालू करा आणि मोकळ्या तोंडावर बोट ठेवा. ओढ लागली तर तो बंद असूनही गळतोय, बदला. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुरते का तेही आठवून बघा, ते याच दोषाचं लक्षण आहे. कनेक्टर न काढता ही परीक्षा घेऊ नका. इंजिन गरम असेल तर कॉम्प्युटर मुद्दाम व्हॉल्व्ह उघडतो आणि चांगला व्हॉल्व्ह वाईट वाटतो.

गाडीखाली जाण्याआधी दोन शब्द ऐका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. इकडच्या पुष्कळ घरांत गॅसचा वॉटर हीटर गॅरेजमध्येच असतो आणि त्याची ज्योत पेटलेली असते. त्यामुळे हे काम गॅरेजमध्ये करू नका, गाडी बाहेर ड्राइव्हवेवर घ्या. इंजिन आणि एक्झॉस्ट पूर्ण गार होऊ द्या, झाकण उघडून टाकीतला दाब सोडा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, एलईडीचा दिवा वापरा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका, जॅक स्टँड लावा. घरात लहान मुलं असतील तर त्या दोन तासांत ती अंगणात येणार नाहीत एवढं बघा.

स्टेपनी क्रँकने खाली सोडून बाजूला काढलीत की बऱ्याच गाड्यांत वर हात घालायला जागा होते. कनेक्टरची प्लॅस्टिकची खुटी वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालेली असते. तिला आधी ब्रशने साफ करा, थोडं सिलिकॉन स्प्रे मारा, पाच मिनिटं थांबा आणि मग दाबा. घाईने दाबली तर ती तुटते आणि मग पिगटेल (तारांसकट नवीन कनेक्टर) शोधत बसावं लागतं. नळ्यांच्या क्विक कनेक्टरचंही तेच, आधी आतल्या बाजूला ढकला, मग लॉक दाबून ओढा.

माझ्या ट्रकचा व्हेंट व्हॉल्व्ह काढून कागदावर आपटला तेव्हा त्यातून दोन चमचे भरतील इतकी धूळ पडली. हळदीसारखी वस्त्रगाळ, रंगाने विटकरी. मित्राच्या शेताच्या खडीच्या रस्त्यावर चार वर्षं ट्रेलर ओढला होता, ती सगळी तिथे जमा झाली होती. धुऊन पुन्हा बसवायचा मोह होतो, पण पाणी आत गेलं की सोलेनॉइड, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारा विजेचा भाग, गंजतो. नवीन चाळीसेक डॉलरला मिळाला.

काढलेल्या व्हॉल्व्हची परीक्षा गाडीपासून लांब, टेबलावर घ्या, कारण तार लावताना ठिणगी उडते. स्वच्छ नळी लावून फुंका: विजेशिवाय हवा आरपार गेली पाहिजे. मग फ्यूज लावलेल्या तारेने वेगळ्या बॅटरीवरून १२ व्होल्ट द्या: टक्‌ आवाज येऊन हवा पूर्ण अडली पाहिजे. टक्‌ आवाज आला आणि तरी हवा जातेय, तर गादीवर धूळ आहे. हवा दोन्ही वेळा नीट वागली तर व्हॉल्व्ह चांगला आहे, मग त्याच्यापर्यंत येणारी वायर आणि कनेक्टरमधला हिरवा गंज तपासा. नवीन व्हॉल्व्ह बसवताना त्याचं मोकळं तोंड नळी लावून चासीत उंचावर नेता येत असेल तर न्या. काही गाड्यांसाठी असं किट तयारही मिळतं.

त्या नळीत कोळ्याचं जाळं नाही ना तेही बघा. ऐकायला विचित्र वाटतं, पण २०११ मध्ये माझ्दाने अमेरिकेतल्या सुमारे ५२ हजार ‘माझ्दा ६’ गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. पेट्रोलच्या वासाने कोळी व्हेंटच्या नळीत घरटं करत होते.

कॅनिस्टरची गोष्ट वेगळी. तो हातात घेऊन हलवा. आतून कोळशाचे दाणे गळत असतील किंवा तो पेट्रोलने जड झाला असेल तर गॅरेजवाला बरोबर आहे, बदलायला हवा. आणि कृपा करून नोझल बंद पडल्यावर आणखी पेट्रोल ठासायची सवय असेल तर आजच सोडा. कोळसा वाफेसाठी आहे, पातळ पेट्रोल आत गेलं की तो भिजून निकामी होतो.

एवढं करूनही कोड परत आला तर अंदाज बांधत बसू नका, स्मोक टेस्ट करून घ्या, म्हणजे नळ्यांत हलक्या दाबाने धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. तुमच्या गॅरेजवाल्याला सांगा की फक्त स्मोक टेस्टचे पैसे देतो, गळती कुठे आहे ते दाखव. घरी धुराचं यंत्र बनवायचे व्हिडिओ सगळीकडे आहेत. पेट्रोलच्या टाकीत हवा आणि तापलेली तार यांची गाठ घालायची कल्पना मला मुळीच मान्य नाही. आणि टायरच्या कंप्रेसरची हवा तर चुकूनही लावू नका. या चाचणीला जेमतेम अर्धा ते एक पीएसआय दाब लागतो, कंप्रेसर शंभरच्या आसपास देतो.

माझ्या ट्रकला व्हेंट बदलल्यावर पी०४५५ गेला आणि तीन आठवड्यांनी पी०४४२ आला. स्मोक टेस्टमध्ये धूर टाकीच्या वरून, मालाच्या हौद्याखालून येताना दिसला. टाकी खाली उतरवायची तर पेट्रोल आधी काढावं लागतं, म्हणून मी हौदाच उचलला. हौद्याचे बोल्ट, दिव्यांचा कनेक्टर, अर्थिंगची पट्टी आणि फिलर नेकचे स्क्रू एवढं सुटलं की हौदा मोकळा होतो. गंजलेल्या बोल्टना आदल्या रात्री तेल मारून ठेवलं होतं. मंडळातले चार मित्र शनिवारी सकाळी आले, चार कोपरे धरून हौदा मागे सरकवला आणि लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. खाली वाफेची नळी चासीच्या आडव्या पट्टीला घासून घासून नखाएवढी चिरली होती. त्या पी०४४२ चं मूळ तेवढंच. नळीचा तुकडा इंधनासाठी चालणाराच आणला, साधी पाण्याची नळी पेट्रोलच्या वाफेने फुगते. तुमच्या ट्रकचा पंप पूर्वी कोणी बदलला असेल तर हौदा उघडाच आहे म्हणून पंपाच्या रिंगखालचं रबरही बघून घ्या, तिथूनही पुष्कळदा गळतं.

आता तुमची टेस्ट. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांचं सेफ्टी इन्स्पेक्शन बंद झालं, पण हॅरिस, फोर्ट बेंड धरून ठरावीक काउंटींमध्ये एमिशन टेस्ट आहेच. कोड पुसून लगेच टेस्टला जाऊ नका. कोड पुसला की सगळे मॉनिटर, म्हणजे कॉम्प्युटरने घेतलेल्या परीक्षांच्या नोंदी, कोरे होतात आणि मशीन गाडी परत पाठवतं. २००१ आणि नंतरच्या गाडीला एक मॉनिटर अपुरा चालतो, आणि इव्हॅपचा, म्हणजे या वाफेच्या यंत्रणेचा, मॉनिटर बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी पूर्ण होतो. दुरुस्ती झाल्यावर कमीत कमी दोन आठवडे हातात ठेवा.

तो पूर्ण होण्यासाठी टाकी साधारण पाव ते पाऊण भरलेली हवी, आणि गाडी रात्रभर उभी राहून इंजिन पूर्ण थंड झालेलं हवं. बाहेर फार गरम असेल, साधारण ३५ अंशांच्या वर, तर कॉम्प्युटर परीक्षा घेतच नाही. आपल्याकडच्या ऑगस्टमध्ये दुपारी कितीही फिरलात तरी उपयोग नाही. पहाटे सहाला निघा, थोडा वेळ गाडी जागेवर चालू ठेवा, मग हायवेवर वीस मिनिटं एकसारख्या वेगाने जा. असे तीन-चार दिवस केलेत की स्कॅनरवर ‘इव्हॅप’ पुढची खूण बदललेली दिसेल.

व्हेंट व्हॉल्व्ह काढून त्यात फुंकल्यावर विजेशिवाय आणि विजेसकट काय झालं, आणि कॅनिस्टर हाताला कसा लागला, ते इथेच खाली लिहा. त्यावरून पुढचा पार्ट मागवायचा की थेट स्मोक टेस्टला जायचं ते सांगतो. तोवर त्या साडेअकराशेला हो म्हणू नका.