संग्रहालयात फोटोला मनाई का असते आणि उजेड इतका कमी का ठेवतात?

तिकीट काढून आत जायचं, चित्र धड दिसत नाही आणि वर फोटोही काढू देत नाहीत, हा तुमचा वैताग रास्त आहे. मी कागदावरच्या चित्रांचं संवर्धन करतो, म्हणजे दिवे मंद ठेवायला सांगणाऱ्यांपैकीच एक.

उजेडाने रंग उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. शिवाय हे नुकसान साचत जातं. म्हणून लघुचित्रं, हस्तलिखितं, जुन्या पैठण्या यांच्यावर साधारण ५० लक्सच उजेड ठेवतात (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). तैलचित्रांना १५०-२०० चालतो. रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले, तर ५० लक्सने १,२०,००० लक्स-तास होतात. भर उन्हात लाखभर लक्स असतात, म्हणजे वर्षभराचा हा कोटा तिथे सव्वा तासात संपला!

हार्वर्ड विद्यापीठात नेमकं हेच झालं. मार्क रॉथको या अमेरिकन चित्रकाराची भलीमोठी चित्रं १९६४ मध्ये तिथल्या एका जेवणाच्या दालनात लावली, मोठमोठ्या खिडक्यांच्या उजेडात. त्यातला लिथॉल रेड हा लाल रंग कच्चा निघाला. १९७९ पर्यंत चित्रं ओळखू येईनाशी होऊन कोठारात गेली. वरून रंग लावणं कुणालाच पटेना. शेवटी २०१४ च्या प्रदर्शनात उडालेला रंग प्रोजेक्टरने चित्रांवर पाडला. रोज दुपारी चारला प्रोजेक्टर बंद करत, की मूळ लाल कुठल्या कुठे गेलाय ते उघडं पडायचं.

फ्लॅशचा मात्र उगाच बाऊ होतो, असं माझं मत. तो सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याएवढा चमकतो, त्याने चित्राचं फारसं बिघडत नाही. खरा त्रास शेजारच्या प्रेक्षकाला, आणि सेल्फीसाठी मागे सरकणाऱ्याच्या सॅकचा. अजिंठ्यात तर बरेचसे रंग गेरूसारखे मातीचे, उजेडाला टिकणारे. तिथे गर्दीच्या श्वासातला दमटपणा जास्त छळतो.

कधी कारण निव्वळ पैशाचं असतं. व्हॅटिकनमधल्या सिस्टीन चॅपेल या प्रार्थनागृहातल्या चित्रांच्या जीर्णोद्धाराचा खर्च जपानच्या निप्पॉन टीव्हीने उचलला आणि बदल्यात चित्रणाचे हक्क घेतले. हक्कांची मुदत कधीच संपली, मनाई आहे तशीच आहे.

आणि हो, उन्हातून थेट दालनात शिरलात तर पाचेक मिनिटं नुसते थांबा. डोळे सरावले की ५० लक्समध्येही बरंच दिसतं.