स्वप्नांची वही आणि तेच निळं पेन

तुम्ही लिहिलंय की मामांचा स्कूटरचा अपघात तीन दिवस आधी स्वप्नात दिसला, उजव्या हाताच्या प्लास्टरसकट, आणि याला भौतिकशास्त्रात काही आधार आहे का ते शोधताय. वाचून पोटात गोळाच आला. २०११ मध्ये माझीही हीच गत होती.

योगायोगाचं गणित तुम्हाला ठाऊक असणार (रात्री चार स्वप्नं धरली तरी वर्षाची १४६०, त्यातलं एखादं जुळणारच), ते उगाळत नाही. 'हे सगळं क्वांटम' असं म्हणून मोकळे होणाऱ्यांबद्दलही नको, माझा रक्तदाब वाढतो.

डन या ब्रिटिश विमान-अभियंत्याची गोष्ट मात्र नीट बघा. १९०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांना स्वप्न पडलं: एक बेट ज्वालामुखीने उडणार, ४,००० माणसं मरणार. मग पेपर आला. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावरचा माँ पेले ज्वालामुखी फुटला होता आणि मथळ्यात बळींचा आकडा होता ४०,०००. डननी घाईत तो ४,००० वाचला, चूक पुष्कळ वर्षांनी कळली. खरे बळी तीस हजारांच्या आसपास. म्हणजे स्वप्नातला आकडा डोंगराचाही नव्हता आणि पेपरचाही. तो त्यांच्या चुकलेल्या वाचनाचा होता! डन म्हणाले, स्वप्नात आपल्याच पुढच्या अनुभवाचे तुकडे येतात. मला वाटतं, पेपर वाचल्यावर स्वप्नाची आठवणच बदलली असावी. असं का वाटतं, तर माझी वही.

स्वप्नात जिना, पाणी आणि पडलेलं कोणीतरी होतं. उठल्यावर तेवढंच लिहिलं. पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात घसरले. त्या रात्री मी वही काढली आणि त्याच ओळीपुढे, त्याच निळ्या पेनने, 'काका', 'डावा पाय' असं लिहिलं. खोटेपणा म्हणून नव्हे, 'राहून गेलं होतं' म्हणून. मला ते खरंच दिसलेलं आठवत होतं. आज ते पान बघून आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं हे मलाच सांगता येत नाही. तपासण्याजोगं एकच स्वप्न पडलं होतं, त्याची मीच माती केली. वर ती वही एका 'संशोधन' संस्थेकडे पाठवली. फी घेतली, आठ महिन्यांनी 'आपली संवेदनशीलता उच्च कोटीची आहे' असं पत्र आलं. शाई एकाच वेळची आहे का, हा साधा प्रश्नही कोणी विचारला नाही. वही परत मिळवायला चार फेऱ्या!

आता भौतिकशास्त्र. (मी कॉलेजात शिकवलंय, संशोधन केलेलं नाही; चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.) मॅक्सवेलची समीकरणं, म्हणजे वीज, चुंबकत्व आणि प्रकाशाचे नियम, काळात पुढे जाणाऱ्या लहरींना जशी परवानगी देतात तशीच मागे येणाऱ्यांनाही. १९४५ मध्ये व्हीलर आणि फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञांनी दोन्ही निम्म्या-निम्म्या धरल्या. लहरी शोषून घेणारं विश्वातलं सगळं द्रव्य असा प्रतिसाद देतं की मागे येणारा भाग रद्द होतो. खगोलशास्त्रज्ञ हॉईल आणि आपले नारळीकर यांनी हेच पुढे विश्वाच्या प्रसरणाशी जोडलं. त्यामुळे भविष्यसूचक स्वप्नांसाठी नारळीकरांचं नाव घेणारे लोक गणित उलटं वाचतात. उद्याचे संदेश आज का मिळत नाहीत, याचंच उत्तर त्यात आहे. शिवाय आठवण म्हणजे मेंदूत उमटलेला ठसा, आणि ठसा उमटताना एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचं माप) वाढते, तीही काळाच्या पुढच्याच दिशेने. उद्याचा ठसा आज कसा उमटेल, हे मला तरी कोणी पटवून दिलेलं नाही.

जाता जाता एक: घरातलं वयस्कर माणूस स्वप्नात लाथा-बुक्क्या मारत असेल तर हसण्यावारी नेऊ नका, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. असा झोपेचा विकार पार्किन्सनच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतो. प्रत्येकाला होतोच असं नाही, आणि मी डॉक्टर नाही. पण पुढचं सांगणारं शरीरातलं काही असेल तर ते हे.

आणि वही नकोच. उठल्या उठल्या स्वतःलाच ईमेल करा, वेळ आपोआप पडते. मामांच्या स्वप्नाबद्दल अपघाताआधी कोणाला मेसेज केला होतात का? असेल तर आत्ता उघडून बघा, त्यात 'उजवा हात' आहे का.