पुन्नाग म्हणजे उंडी की सुरंगी?

वेंगुर्ल्याहून प्रश्न आला आहे: घरी सुरंगीलाच पुन्नाग म्हणतात, शब्दकोशात मात्र पुन्नाग म्हणजे उंडी. शिवाय बाजारात नागकेशर मागितलं तर सुरंगीच्या वाळक्या कळ्या मिळतात. खरं काय?

पुन्नाग म्हणजे उंडी, असंच मी म्हणेन. सुरंगीला सुरपुन्नाग हे वेगळं नाव आहे. त्यातला 'सुर' गळला की घोटाळा होतो. घोटाळा जुनाच आहे म्हणा. अमरकोशात पुन्नागाच्या पर्यायांत 'केसर' आहे, नागकेसराच्या पर्यायांतही 'केसर' आहे, आणि बकुळीलाही केसरच म्हटलंय! बकुळ सोडली तर बाकीची तिन्ही झाडं, म्हणजे उंडी, सुरंगी आणि नागकेशर, एकाच कुळातली. पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळ्या केसरांचा दाट झुबका, ही तिघांचीही ओळख. नाव पडलं ते त्या झुबक्यावरून.

झाड कुठे उभं आहे ते पाहिलं की पुष्कळ उलगडतं. उंडी थेट पुळणीवर वाढते, खारा वारा सोसते. तिची फळं समुद्रात तरंगत जाऊन दुसऱ्या किनाऱ्याला रुजतात. बियांचं कडू तेल पूर्वी दिव्याला आणि होड्यांना वापरत. नागकेशर घाटातल्या सदाहरित रानातला, भरपूर पाऊस आणि निचऱ्याची खोल माती मागणारा. त्याची कोवळी पालवी लालभडक असते.

सुरंगी या दोघांच्या मधली. ती फक्त पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याच्या पट्ट्यातली, म्हणून तिचं नाव जपून वापरावं असं मला मनापासून वाटतं. तिची फुलं शेंड्याला येत नाहीत, पानांखालच्या जुन्या फांदीला गच्च लगडतात. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पहाटे कळ्या तोडून त्यांचे वळेसार, म्हणजे गजरे, करतात. वळेसार सुकला तरी वास जात नाही. याच वाळक्या कळ्या 'तांबडं नागकेशर' म्हणून विकल्या जातात. तेव्हा औषधासाठी खरं नागकेशर हवं असेल, तर दुकानात 'तांबडं नको' असं स्पष्ट सांगा.

परसात लावायचा विचार असेल तर वाळूत उंडी, आणि आत, ओल धरणाऱ्या जांभ्याच्या उतारावर सुरंगी. सुरंगीच्या काही झाडांना फळ धरत नाही, ती नर असतात. पण वळेसारापुरती फुलं त्यांनाही येतात.