ऊब वाढली, गवत वाढलं, तरी उंच कुरणांतल्या मातीतला कर्ब का घटतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थंड पर्वतांवर ऊब वाढली की गवत जोमानं वाढणार आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेणार. मग तिथल्या मातीतला कर्ब, म्हणजे कार्बन, घटेल असं का म्हणतात? मीही बरेच दिवस असाच हिशोब करत होतो. चूक एवढीच की आपण जमिनीवरचं गवत पाहतो.

या कुरणांचा खरा पसारा जमिनीखाली असतो. तिबेटच्या पठारावर कोब्रेसिया नावाची, लव्हाळ्याच्या कुळातली बुटकी वनस्पती उगवते. तिच्या जित्या-मेल्या मुळांची इतकी घट्ट गादी बनते की चौकोनी ठोकळे कापून काढावेत! हा साठा भरभरून वाढीमुळे झालेला नाही. गारठ्यामुळे मुळं पुरती कुजतच नाहीत, म्हणून तो शतकानुशतकं साचत गेला.

ऊब वाढली की सूक्ष्मजीव हात चालवू लागतात. ढोबळमानानं 10 अंशांच्या वाढीला कुजण्याचा वेग दुप्पट धरतात, थंड मातीत त्याहूनही जास्त. कुजताना सुटलेलं नत्र गवताला मिळतं, त्यामुळे गवत वाढतं हेही खरंच. पण पारडं कुठे झुकणार हे बऱ्याचदा ओल ठरवते.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या गॉथिक इथला प्रयोग मला यासाठी फार आवडतो. जागा सुमारे 2,900 मीटरवरची, म्हणजे वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडं वाढत नाहीत) बरीच खालची. 1991 पासून परिसंस्थांचे अभ्यासक जॉन हार्ट आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कुरणावर इन्फ्रारेड हीटर टांगले आणि ते वर्षानुवर्षं चालू ठेवले. बर्फ लवकर वितळला, उन्हाळ्यात माती कोरडी पडली. फुलझाडं मागे हटली आणि सेजब्रशची झुडपं फोफावली. पहिल्या काही वर्षांत मातीतला कर्ब घटला. गंमत अशी, की कोरड्या मातीत उन्हाळ्यात कुजणं वाढायच्या ऐवजी मंदावलं होतं. घट आली ती मुख्यतः मातीत पडणारा नवा पालापाचोळा कमी झाल्यामुळे. सेजब्रशचा पाला सावकाश कुजतो, त्यामुळे पुढे काही कर्ब पुन्हा साठेल असा अंदाजही त्यांनी मांडला. सरळ उत्तर हवं असणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

दलदलीच्या कुरणांत गोष्ट वेगळी. तिथे पाण्यामुळे मातीत प्राणवायू पोचत नाही आणि कर्ब टिकतो. खालची गोठलेली माती वितळून पाणी खाली उतरलं, की हवा शिरते आणि जुना साठा झपाट्यानं कुजू लागतो.

त्यामुळे असा एखादा अभ्यास वाचलात तर आधी दोन गोष्टी बघा: प्रयोग किती वर्षं चालला आणि माती किती खोलवरून घेतली. दोन-तीन उन्हाळ्यांत फक्त वरच्या 10 सेंटिमीटरचे नमुने घेतले असतील, तर त्यावरून खालच्या जुन्या साठ्याबद्दल काही सांगता येत नाही.