कन्फ्यूशियस: धर्म की तत्त्वज्ञान, हे ठरवण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझा निबंधाचा खर्डा वाचला. पहिल्याच पानावर तू निकाल लावून मोकळी झालीस: कन्फ्यूशियस देवाबद्दल बोलत नाही, परलोकाची हमी देत नाही, म्हणजे ते तत्त्वज्ञान. घाई झाली असं मला वाटतं.

तुझा सगळा भर ‘लुन-यू’ या कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहातल्या एका उत्तरावर आहे. माणसांची सेवा अजून जमत नाही तर मृतात्म्यांची कशी जमणार, जगणंच कळलं नाही तर मरण कसं कळणार, असं कन्फ्यूशियस त्सु-लू या शिष्याला विचारतो. उतारा खरा आहे. पण त्याच ग्रंथात लाडका शिष्य यान ह्वे वारतो तेव्हा हाच माणूस ‘तिएननं माझा घात केला’ म्हणून आक्रोश करतो. ह्वान थ्वे नावाचा अधिकारी जिवावर उठलेला असताना म्हणतो, माझ्यातलं शील तिएननं दिलेलं आहे, हा माझं काय वाकडं करणार? तिएन म्हणजे आकाश, पण ज्याच्याकडे गाऱ्हाणं मांडता येतं असं आकाश. हे उतारे तुझ्या खर्ड्यात कुठेच नाहीत.

आता ‘लुन-यू’च्या सतराव्या भागातला त्साय वो या शिष्याचा प्रसंग सावकाश वाच. आईवडील गेल्यावर तीन वर्षं शोक पाळायचा, ही तिथली रीत. त्साय वो म्हणतो, एक वर्ष पुरे. कन्फ्यूशियस त्याला शास्त्राचा आधार दाखवत नाही, पापाची भीतीही घालत नाही. तो विचारतो, वर्षभरातच चांगला तांदूळ खाताना, उंची वस्त्रं नेसताना तुला चैन पडेल? ‘पडेल.’ ‘मग तसं कर.’ तो निघून गेल्यावर मात्र म्हणतो, मूल तीन वर्षांचं होईतो आईबापांच्या कुशीतून उतरत नाही. या त्साय वोला आईबापांकडून ती तीन वर्षांची माया मिळाली नव्हती का? इथे देव नाही, मोक्ष नाही. तरीही एक ऋण आहे, आणि ते विधीनंच फेडायचं आहे. याला तू नुसतं नीतिशास्त्र म्हणशील? मला म्हणवत नाही. (आपल्या श्राद्धाशी लगेच ताडून पाहू नकोस. तिथला विधी तिथल्याच संदर्भात समजून घे.)

इ.स.पू. तिसऱ्या शतकातला कन्फ्यूशियसच्या परंपरेतला विचारवंत श्युन-त्स तर तुझा प्रश्न तुझ्याआधीच मांडून बसलाय. पावसासाठी यज्ञ केला आणि पाऊस पडला, याचा अर्थ काय? काहीच नाही, तो म्हणतो. न करताही पडलाच असता. पण म्हणून विधी सोडा असं तो सांगत नाही. पितरांच्या पूजेबद्दल तो लिहितो की जाणत्याला ती माणसाची रीत वाटते, सामान्यांना मृतात्म्यांची सेवा. एकच पूजा, एकाच वेदीपुढे, दोन्ही अर्थांनी. पुढे त्याच परंपरेतला चू शी (११३०–१२००) विश्वरचनेची अवघड मीमांसा करतो, आणि घरगुती विधींचं पुस्तकही त्याच्याच नावावर आहे.

‘धर्म की तत्त्वज्ञान’ हा वाद पेटवला तो युरोपातल्या मिशनऱ्यांनी. १६१० मध्ये बीजिंगला वारलेल्या मात्तेओ रिच्ची या जेझुइट मिशनऱ्याच्या मते पितरांपुढचं वंदन हा लौकिक आदर होता. त्यामुळे चिनी ख्रिस्त्यांना तो पाळता येत होता. इतर कॅथलिक संघांच्या धर्मोपदेशकांना ती मूर्तिपूजा वाटली. १७०० मध्ये चीनच्या खांगशी सम्राटानं रिच्चीच्या जेझुइट वारसांचं म्हणणं उचलून धरलं, तरी १७१५ मध्ये पोपनं हे विधी निषिद्ध ठरवले. बंदी उठली थेट १९३९ मध्ये. सव्वादोनशे वर्षं कुणी आजोबांपुढे वाकायचं की नाही, हे या एका वर्गवारीवर ठरत होतं.

त्यामुळे उत्तर देणाऱ्याचं त्यात काय गुंतलंय, ते आधी पाहा. खांग यौवे या चिनी सुधारकाला ख्रिस्ती चर्चच्या तोडीची संघटना हवी होती, म्हणून तो धर्म म्हणत होता. आजच्या चीनमध्ये मान्यताप्राप्त धर्म पाच आहेत, त्यात कन्फ्यूशियसचा मार्ग नाही. इंडोनेशियात धर्मांची नावं घेणाऱ्या १९६५ च्या सरकारी आदेशात तो होता, राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात मान्यता गेली आणि त्याच्या अनुयायांची लग्नं नोंदवून घेतली जाईनात; २००६ मध्ये मान्यता परत आली. त्या जोडप्यांना ‘हे तर तत्त्वज्ञान’ असं सांगून बघ.

माझं मत विचारशील तर, धर्म. श्रद्धेच्या कलमांवर नव्हे, आचरणावर उभा असलेला. त्याचं तत्त्वज्ञान त्या आचरणातूनच उगवलेलं. तू वेगळं मत मांडलंस तरी चालेल, पण विधींना वळसा घालून नको.

पहिलं पान काढून टाक आणि त्साय वोपासून सुरुवात कर. रिच्चीचं प्रकरण चांगलं जमलंय, त्याला हात लावू नकोस. इंडोनेशियाला तू एक तळटीप दिली आहेस. तिथे निदान दोन पानं हवीत. नवा खर्डा झाला की पाठव.

तुझा,
सर