शहरातला फ्रीवे काढला तर गाड्या जाणार कुठे?

फ्रीवे, म्हणजे सिग्नल नसलेला जलद रस्ता, काढून तिथे ट्राम, बस आणि बाग केली तर आजूबाजूचे रस्ते तुंबणार नाहीत का, असं तुम्ही विचारलंय. मलाही आधी हेच वाटायचं. मत बदललं ते सॅन फ्रान्सिस्कोचा किस्सा वाचल्यावर.

तिथे खाडीच्या काठाने एम्बार्कडेरो फ्रीवे नावाचा दुमजली उन्नत रस्ता होता. तो पाडायचा का, यावर १९८६ मध्ये मतदान झालं आणि लोकांनी चक्क नकार दिला. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात त्याचं इतकं नुकसान झालं की तो बंदच करावा लागला. जो प्रयोग करायला कुणी धजावत नव्हतं, तो भूकंपाने करून दाखवला. शहर काही ठप्प झालं नाही. १९९१ मध्ये पाडापाडी सुरू झाली आणि आज तिथे झाडांचा रुंद रस्ता आहे, मधून जुन्या ट्राम धावतात. (पाडण्याच्या बाजूने उभे राहिलेले महापौर आर्ट ॲग्नोस मात्र त्याच वर्षी निवडणूक हरले. चायनाटाउन या चिनी वस्तीतले व्यापारी फ्रीवे जाणार म्हणून त्यांच्यावर भयंकर चिडले होते.)

रस्त्यावरची गर्दी काही कायमची ठरलेली नसते. रस्ता मोकळा मिळतोय म्हटल्यावर माणूस दोन कामांसाठी दोन चकरा मारतो. मिळेनासा झाला की एका चकरेत उरकतो, वेळ बदलतो, दुसरी वाट धरतो, नाहीतर बसने जातो. पण बसने जायला आधी बस हवी ना!

दक्षिण कोरियाच्या सोल शहरात हे जमलं. चंग्येचॉन ओढा झाकून केलेला रस्ता आणि त्यावरचा उन्नत मार्ग २००३ ते २००५ मध्ये काढला, सुमारे ५.८ किलोमीटर ओढा उघडा केला. फोटो सगळे त्या ओढ्याचेच काढतात. माझ्या मते खरी करामत मात्र काम चालू असतानाच, १ जुलै २००४ ला झाली. बसमार्ग नव्याने आखले, मोठ्या रस्त्यांच्या मधोमध फक्त बससाठी मार्गिका ठेवल्या आणि बस-मेट्रो मिळून अंतराप्रमाणे एकच भाडं लावलं. ओढा तसा पुरता नैसर्गिकही नाही, बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडतात. आणि तिथल्या फेरीवाल्यांना आपलं बस्तान हलवावं लागलं, हे त्या फोटोंत दिसत नाही.

रस्ता जमिनीखाली घालून वर बाग करणं मी यात धरत नाही. बॉस्टनने तसं केलं, खर्च १,४०० कोटी डॉलरच्या वर गेला. बाग छान आहे, पण गाड्या कमी व्हाव्यात असा तो बेतच नव्हता.

तुमच्या मनात एखादा विशिष्ट फ्रीवे असेल तर आधी बघा की त्यावरच्या गाड्या शहरातच उतरतात की नुसत्या पार जातात. पार जाणाऱ्या मालट्रकना बाहेरून वळणरस्ता नसेल तर प्रकरण अवघड आहे. मग त्या फ्रीवेचं आयुष्य किती उरलंय ते पाहा, कारण मोठ्या दुरुस्तीचं बिल समोर आलं की लोक पाडण्याची भाषा निदान ऐकून तरी घेतात. तोवर त्याच फ्रीवेची एकेक मार्गिका बसला देऊन बघता येते. नाही जमलं तर ती परत घेता येते, पाडलेला पूल तसा परत उभा राहत नाही.