वस्तू समोर ठेवून लिहायचा सराव नेमका कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोजच्या वापरातली एखादी वस्तू समोर ठेवून लिहायचा सराव करा, असं सगळे सांगतात. पण कप समोर ठेवला की 'कप पांढरा आहे, त्याला कान आहे' यापुढे गाडी सरकत नाही आणि ओढूनताणून पुढे गेलंच तर शाळेतल्या 'मी छत्री बोलतेय'सारखं काहीतरी होतं. मग करायचं काय? आणि वस्तूऐवजी फोटो बघून लिहिलं तर चालेल का?

आधी त्या छत्रीबद्दल. आत्मवृत्ताचा तो निबंध आपण बहुतेकांनी लिहिलाय. त्यातली छत्री माणसासारखी बोलते, तिला अभिमान वाटतो, दुःख होतं, शेवटी अडगळीत पडल्यावर ती उसासे टाकते. आता छत्री काढून तिच्या जागी चप्पल ठेवा, घड्याळ ठेवा, फाटकं पुस्तक ठेवा. निबंधातली फार तर चार वाक्यं बदलावी लागतील. लिहिणाऱ्याने छत्रीकडे बघितलेलंच नसतं, म्हणून असं होतं. 'कप पांढरा आहे' या वाक्याचं दुखणंही तेच आहे. ते जगातल्या लाखो कपांबद्दल खरं आहे. तुमच्या समोरच्या कपाबद्दल तुम्ही अजून काही लिहिलेलंच नाही.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: वस्तूची झीज वाचायला शिका.

कारखान्यातून बाहेर पडताना हजारो कप एकसारखे असतात. वापरात आले की ते वेगळे होत जातात. टवका नेमका कुठे उडालाय, कानाजवळची नक्षी अंगठ्याखालीच कशी पुसट झालीय, आतला डाग कुठल्या उंचीवर आहे, ते बघा. डागाची रेघ तळापासून बोटभर वर असेल, तर कुणीतरी रोज शेवटचा घोट तसाच ठेवून उठतं. का उठतं? कुणी हाक मारतं म्हणून? की एवढ्यात गार झालेलं असतं म्हणून? आणि मग तो कप लगेच विसळला का जात नाही? बघा, इथे माणूस आला. डाग, खरचट, पोचा, बाक या सगळ्या खुणा कुणीतरी काहीतरी पुन्हा पुन्हा केल्याचा पुरावा असतात. गोष्टीला आणखी काय लागतं?

आपल्याला हे दिसत नाही याचं कारण सवय. रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी १९१७ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात यावरच बोट ठेवलंय. सवयीने आपण वस्तू बघणं सोडून देतो आणि फक्त ओळखतो, आणि कलेचं काम म्हणजे ती ओळखीची वस्तू पुन्हा अनोळखी करून दाखवणं, असं त्यांचं म्हणणं. मला हा विचार सरावाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे प्रेरणेची वाट बघत बसायची गरज उरत नाही. तुम्हाला फक्त ओळखायला उशीर करायचा आहे.

एक उदाहरण जरा सावकाश बघू. सेफ्टी पिन घ्या. यासाठी मला याहून चांगली वस्तू माहीत नाही.

आधी तिची रचना. एकच तार. मध्ये एक वेटोळं, ते स्प्रिंगचं काम करतं. एका टोकाला धार, दुसऱ्या टोकाला टोपण, आणि वेटोळ्याच्या ताणामुळे धारदार टोक टोपणात अडकून राहतं. वॉल्टर हंट या अमेरिकन माणसाने १८४९ मध्ये हिचं पेटंट घेतलं आणि हक्क ४०० डॉलरला विकून टाकले. टोचणारी वस्तू स्वतःचं टोक स्वतःच झाकते, ही त्यातली खरी करामत. हे लिहून ठेवा, पण त्यावर लगेच रूपक रचायला धावू नका.

आता हातातली पिन बघा. तिचा दांडा बाहेरच्या बाजूला वाकलाय, म्हणजे तिच्यात मावतं त्याहून जाड कापड कुणीतरी कोंबलं होतं. वेटोळ्यात एक निळा धागा अडकलाय. टोपणाच्या कडेला गंज चढलाय, म्हणजे ती कापडासकट भिजली. एकदाच भिजली असती तर पुसून कोरडी झाली असती. गंज चढायला ती वारंवार ओली राहावी लागते. याचा अर्थ कपडे धुताना ती काढलीच जात नव्हती. जी वस्तू एका दिवसाच्या सोयीसाठी लावली, ती त्या कपड्याचा भाग होऊन बसली. दुरुस्ती होईपर्यंतची सोय म्हणून लावलेली पिन अशी महिनोन्महिने राहते, तेव्हा दुरुस्ती कुठे अडली हा प्रश्न येतो. तो प्रश्न मनात आला की पेन उचलायचं. मी असं काहीतरी लिहीन:

'बटण डबीत होतं. सुईदोराही त्याच डबीत होता. तरी तो रोज सकाळी बाहीला पिन लावायचा. राहू दे, मी लावून देते, असं ती जाताना म्हणाली होती.'

चार वाक्यं झाली. त्यात वाट बघणं हे शब्द नाहीत, एकटेपणा नाही, आठवण नाही. ती गेली कुठे, हेही सांगितलेलं नाही. वाचणाऱ्याला सगळं पोचतं, कारण पिन तिथे का आहे हे त्याला कळलंय. गंज आणि वाकलेला दांडा यांतलं काहीही मी या परिच्छेदात वापरलं नाही, पण ते बघितलं नसतं तर इथपर्यंत आले नसते. निरीक्षणातलं बरंचसं असं मागेच राहतं, आणि ते राहू द्यावं.

यातून सरावाची एक शिस्त सांगते. पहिल्या फेरीत भावनेचा एकही शब्द लिहायचा नाही. उदास, सुंदर, बिचारं, प्रेमळ असलं काही नको. 'जुना'सुद्धा नको, जुनेपणा तुम्हाला कशावरून कळला ते लिहा. सुरुवातीला हात आखडतो, पान कोरडं वाटतं. वाटू दे. दुसऱ्या फेरीत त्या खुणांमागचा हात शोधा: हे कुणी केलं, किती वेळा केलं, आणि ही वस्तू आज इथेच का पडली आहे. 'इथेच का' हा प्रश्न सगळ्यात जास्त देऊन जातो. स्वयंपाकघरात सापडलेला पाना, उशीखाली ठेवलेली मोजपट्टी, पुस्तकात खूण म्हणून घातलेला कंगवा. जागा चुकलेली वस्तू अर्धी गोष्ट सोबत घेऊनच येते.

वस्तू चालते कशी, हेही जरूर समजून घ्या. लेखनाच्या सरावात याकडे फार कमी लोक लक्ष देतात आणि मला त्याची खंत वाटते. कुलुपाचंच बघा. लायनस येल यांनी १८६१ च्या सुमाराला ज्या धर्तीचं कुलूप आणलं, तीच धर्ती आजही असंख्य दारांना असते. आत वेगवेगळ्या उंचीच्या बारीक पिना असतात. बरोबर किल्लीचे दाते त्या सगळ्यांना एका रेषेत आणतात, तेव्हाच आतला दंडगोल फिरतो. एक पीन जरी वरखाली राहिली तरी तो हलत नाही. आता प्रसंग असा: कुणीतरी बऱ्याच काळाने परत आलंय आणि मधल्या काळात कुलूप बदललंय. यंत्रणा माहीत नसलेला लेखक 'किल्ली लागली नाही' असं लिहून मोकळा होतो. ती माहीत असेल तर कळतं की, त्याच बनावटीचं कुलूप असेल तर किल्ली पूर्ण आत जाते, फक्त फिरत नाही. मग तो माणूस दार चुकलं असं समजणार नाही. तो किल्ली जराशी मागे ओढून बघेल, दार स्वतःकडे खेचून धरेल, गंज चढला असेल असं म्हणेल. आत जाणारी पण न फिरणारी किल्ली हातात असताना त्याला पटायला जो वेळ लागतो, तोच तुमचा प्रसंग. तो तुम्हाला कल्पनेने नव्हे, कुलुपाने दिला.

वस्तू निवडताना एक पथ्य पाळा. आजोबांचं घड्याळ, पहिलं पत्र, बाळाचा बूट यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका. त्यांच्याबरोबर भावना तयारच येते आणि तुमचं बघणं तिथेच थांबतं. कागदाला लावायची क्लिप, पेनाचं टोपण, दाराची कडी, बादलीची मूठ अशा वस्तू घ्या, ज्यांच्याबद्दल कुणालाच काही वाटत नाही. वेळ किती द्यावा, वही कुठली घ्यावी, याला फारसं महत्त्व नाही. जमेल तेवढा वेळ द्या.

मात्र रोज नवी वस्तू घेण्याचा मोह टाळा. एकीलाच धरून राहा. फ्रेंच कवी फ्रान्सिस पोंझ यांनी साबणावर १९४२ मध्ये लिहायला घेतलं आणि ते पुस्तक बाहेर आलं १९६७ मध्ये. आपल्याला पंचवीस वर्षं नकोत, पण एकाच पिनेकडे पुन्हा पुन्हा यायला काहीच हरकत नाही. पहिल्या दिवशी जे सुचतं ते कुणालाही सुचलं असतं. ते लिहून संपलं आणि तरी तुम्ही खुर्चीवर बसून राहिलात की तुमचं स्वतःचं येऊ लागतं. हात बदलून बघा: तोच चष्मा घालणाऱ्याच्या हातात, तो ज्याला बसखाली सापडला त्याच्या हातात, आणि घर आवरताना तो ठेवायचा की टाकायचा हे ज्याला ठरवायचंय त्याच्या हातात. घालणारा चष्म्याकडे क्वचितच बघतो, तो त्यातून बघतो. नाकावरच्या पट्टीचा हिरवट डाग दिसतो तो उरलेल्या दोघांनाच.

आता फोटोबद्दल. सरावाच्या पहिल्या टप्प्यात तरी फोटो नको. फोटो म्हणजे आधीच कुणीतरी बघून झालेलं. कोन त्याने ठरवलाय, उजेड त्याने निवडलाय, मागची बाजू त्याने तुमच्यापासून लपवलीय. फोटोला वजन नसतं, वास नसतो, टेबलावर ठेवताना आवाज होत नाही. पेन्सिलीचा तुकडा डोळे मिटून हातात घ्या. ब्लेडने टोक काढलं असेल तर ओबडधोबड पैलू बोटाला लागतात, शार्पनरने काढलं असेल तर गुळगुळीत शंकू लागतो. मागच्या टोकाला दातांच्या खुणा असतील तर त्या एकाच बाजूला आहेत की सगळीकडून, हेही बोटालाच आधी कळतं.

फोटोचा एक उपयोग मात्र मी नक्की सांगेन. तुमच्या कामाच्या टेबलाचा आज एक फोटो काढून ठेवा, काहीही न आवरता. आठवड्याने त्याच जागी उभं राहून दुसरा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. काय हललं, काय नाहीसं झालं, काय आलं, आणि तुम्ही हात लावलेला नसताना काय हललं, ते टिपा. या शेवटच्या यादीतली वस्तू घ्या आणि तिच्यापासून लिहायला सुरुवात करा.